भरती फुकट झाली, गोळ्यांचं काय?

या महिन्याच्या टपालात हार्ट फेल्युअरची पाच पत्रं आली. चार इंदूरची, एक पीथमपूरहून. पाचांतही प्रश्न एकच आहे, पैशाचा. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून ही पाचच घेतली आहेत.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. इंदूरच्या एका खासगी हॉस्पिटलात २७ वर्षं बिलाच्या खिडकीमागे बसले. त्यातली शेवटची काही वर्षं हाच आजार घरातही सांभाळला. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदयाचा पंप अशक्त होतो (एका ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकललं जातं त्याला ‘पंपिंग’ म्हणतात), पाणी पायांत आणि फुप्फुसांत साचतं, जिना चढताना दम लागतो, रात्री उशा वाढवाव्या लागतात. औषधं नीट चालली तर माणूस कित्येक वर्षं हिंडतो-फिरतो. मात्र ती रोज लागतात, आणि खरा प्रश्न तिथेच आहे.

प्रश्न : माझे सासरे ६६ वर्षांचे आहेत. ते हुकुमचंद मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर कापडाच्या दुकानात माल उतरवायचं काम केलं. दोन वर्षांपूर्वी अटॅक आला. आता डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणतात, पंपिंग २५ टक्के. आयुष्मान कार्डावर वर्षात दोनदा भरती केलं, एक पैसा लागला नाही. पण घरच्या गोळ्यांना महिन्याला चार हजारांवर लागतात. मिस्टर लोडिंग रिक्षा चालवतात, मी दोन घरी पोळ्या करते. गेल्या महिन्यापासून सासरे महागाची गोळी दोनऐवजी एकदाच घेतात, म्हणतात काही फरक पडत नाही. ताई, चालेल का असं? आणि गोळ्यांसाठी सरकारी मदत असते का?
— एक सून, परदेशीपुरा

उत्तर : नाही चालणार. आज संध्याकाळपासून दुसरी गोळी सुरू करा, उसने पैसे आणावे लागले तरी. गोळी पूर्ण बंद होऊन बरेच दिवस झाले असतील तर मात्र आधी डॉक्टरांना फोन करा. मदतीचं पुढे सांगते, पण आधी माझ्या घरचं ऐका.

आमच्या ह्यांना २०१८ च्या पावसाळ्यात हे निदान झालं. पंपिंग २८. सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन नावाची गोळी दिली होती, तुमच्या सासऱ्यांची महागाची गोळी बहुधा तीच असेल. तेव्हा एक गोळी सत्तरच्या पुढे पडायची आणि दिवसाला दोन. सगळी औषधं मिळून महिना सहा हजारांवर जायचा. माझा पगार सतरा हजार. ह्यांनी कधी तक्रार केली नाही, नियमाने मेडिकलवर जायचे, पिशवी आणायचे, स्टीलच्या डब्यात गोळ्या लावून ठेवायचे. तरी दीड वर्षात तीनदा भरती करावं लागलं. दर वेळी मला वाटायचं, आजारच तसा आहे.

२०२० च्या फेब्रुवारीतली गोष्ट. ते आत आयसीयूत होते, मी कागद न्यायला घरी आले होते. कपाटात त्यांच्या जुन्या चष्म्याचं घर होतं. चष्मा मोडून वर्ष झालं होतं, मग घर का ठेवलंय म्हणून उघडलं. आत गोळ्या होत्या. पत्ता कात्रीने कापून एकेक गोळी वेगळी केलेली, वरचा चांदीचा कागद तसाच. मोजल्या तर एकोणीस भरल्या. रात्रीच्या गोळ्या होत्या त्या. महिनाअखेरीस हात आखडला तर असाव्यात म्हणून ते वाचवत होते. त्या चार दिवसांच्या भरतीचं बिल आलं अडुसष्ट हजार. आयुष्मानच्या यादीत आमचं नाव नव्हतं. सगळ्या औषधांचा अकरा महिन्यांचा खर्च त्या बिलात गेला, आणि ह्यांच्या हृदयाचं जे नुकसान झालं ते वेगळंच.

मी ते घर तसंच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “पैशाची अडचण आहे हे मला कुणी सांगितलंच नाही.” खरंच सांगितलं नव्हतं. मी रोज खिडकीतून लोकांना बिलं देणारी बाई, मलाही डॉक्टरसमोर पैशाचं बोलायची लाज वाटली. त्यांनी तिथल्या तिथे ती गोळी बदलून एनालाप्रिल लिहून दिलं. जुनं, साधं, स्वस्त औषध. नव्याइतकं सरस नाही, पण रोज पोटात जाणारं औषध चष्म्याच्या घरात पडून राहणाऱ्या औषधापेक्षा केव्हाही चांगलं. सून बाई, हा बदल घरच्या घरी मात्र कधीही करू नका. एनालाप्रिल, रामिप्रिल या जातीची गोळी आणि सॅक्युबिट्रिलची गोळी यांच्यात ३६ तासांचं अंतर ठेवावं लागतं, नाहीतर चेहरा-घसा सुजून जिवावर बेतू शकतं. त्याची वेळ डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आता मदतीचं. आयुष्मान कार्ड कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत देतं, पण ते भरतीसाठी. ओपीडी आणि दर महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. एक गोष्ट मात्र बसते, आणि ती बहुतेक घरांना कुणी सांगत नाही: भरतीच्या पॅकेजमध्ये सुट्टीनंतरच्या १५ दिवसांची औषधं आणि तपासण्या धरलेल्या असतात. तुमचे सासरे दोनदा भरती झाले, म्हणजे दोन वेळा पंधरा-पंधरा दिवसांची औषधं तुम्हाला मिळायला हवी होती. पुढच्या वेळी, आणि ती येऊ नये, सुट्टीच्या कागदावर सही करण्याआधी आयुष्मान मित्राच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या मदतनीसाच्या, काउंटरवर जाऊन शांतपणे विचारा, “पंधरा दिवसांची औषधं कुठून घ्यायची?” टाळाटाळ झाली तर तिथूनच आयुष्मानच्या हेल्पलाइनला, १४५५५ ला, फोन लावा. मी खिडकीच्या त्या बाजूला बसले आहे, म्हणून सांगते, जो विचारतो त्याच्या कागदाकडे दुसऱ्यांदा बघितलं जातं.

रोजच्या गोळ्यांसाठी तीन ठिकाणं आहेत, आणि तिन्ही एकत्र वापरायची. पहिलं, एम.वाय. या इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या आवारालगतचं सरकारी सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल. तिथल्या हृदयरोग ओपीडीत एकदा सासऱ्यांची फाइल उघडा. मध्यप्रदेशात २०१२ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषध वाटप आहे. सगळ्या गोळ्या मिळतील असं नाही, पण पाण्याची गोळी (साचलेलं पाणी लघवीवाटे काढणारी), रक्तदाबाची, रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची, यातल्या ज्या मिळतील त्या घ्या. दोन तास रांगेत उभं राहावं लागेल, तुमची एका घरची पोळ्यांची वेळ चुकेल, हे मला कळतं. पण महिन्यातून एकदाच जायचं आहे. सासऱ्यांना दर वेळी न्यायची गरज आहे का, तेही पहिल्याच फेरीत विचारून घ्या.

दुसरं, जनऔषधी केंद्र, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांचं सरकारी योजनेतलं दुकान. त्यासाठी चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव हवं. डॉक्टरांना म्हणा, “जेनेरिक नाव लिहून द्या, जनऔषधीतून घेणार आहे.” मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, टॉरसेमाइड, डापाग्लिफ्लोझिन ही नावं एका कागदावर उतरवून घ्या आणि काउंटरवर एकेक करून विचारा. एका केंद्रात नसेल तर दुसऱ्या केंद्रात विचारा.

तिसरं म्हणजे जुनी चिठ्ठी बदलून घेणं. हे जरा सविस्तर सांगते, कारण यात कित्येक घरांचे पैसे फुकट जातात. गेल्या पाच-सहा वर्षांत या आजाराची महाग औषधं स्वस्त झाली आहेत. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टनचं मूळ पेटंट जानेवारी २०२३ मध्ये, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. पेटंट संपलं की बऱ्याच भारतीय कंपन्या तेच औषध काढतात आणि भाव निम्म्यावर, कधी त्याच्याही खाली येतो. पण ज्यांची चिठ्ठी जुनी आहे ते त्याच कंपनीची तीच पेटी मागत राहतात आणि मेडिकलवाला तीच देतो. त्याचीही चूक नाही, चिठ्ठीवर तेच लिहिलेलं असतं. आमच्या ह्यांना २०२३ मध्ये डॉक्टरांनी पुन्हा सॅक्युबिट्रिलवर आणलं तेव्हा सगळ्या गोळ्यांचा महिना दोन हजारांच्या आत बसला. पाच वर्षांपूर्वी ज्याला सहा हजार मोजत होतो तोच डबा! तुम्हाला चार हजार पडतात म्हणजे चिठ्ठी कुठेतरी जुन्या नावांवर अडकली असावी. तीच चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि म्हणा, “हेच औषध, पण स्वस्त कंपनीचं लिहा. आमच्याकडून महिन्याला इतकेच पैसे निघतात.” आकडा सांगा. पंधराशे तर पंधराशे. आकडा समोर असला की डॉक्टर त्यात बसवून देतात. नुसतं “महाग पडतं हो” म्हटलं की ते सहानुभूतीने मान हलवतात आणि पुढचा पेशंट आत येतो.

ज्याला पैसे लागत नाहीत तेही करा. शेजारच्या किराणा दुकानात वजनकाटा असतो, नाहीतर स्वतःचा एक साधा काटा घ्या, वर्षानुवर्षं टिकतो. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी सासऱ्यांचं वजन करायचं आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साचतंय, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. धाप लागेपर्यंत थांबायचं नाही. बहुतेकदा पाण्याच्या गोळीचा डोस बदलून भागतं, भरती टळते. शेव, पापड, लोणचं बंद. इंदूरच्या माणसाला पोह्यांवरची शेव सोडा म्हणणं किती जड जातं मला ठाऊक आहे, आमच्याकडे यावरून भांडणं झालेली आहेत. तरी सोडायला लावा. आणि मिलमधली माणसं, गुडघे गेलेले असतात, मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणून खातात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्यांनी अंगात पाणी धरतं आणि सगळी औषधं वाया जातात. त्यांच्या खिशात ती गोळी आहे का, एकदा बघाच.

एक शेवटचं, सासऱ्यांसाठी. ते गोळी वाचवतात ते हट्टाने नाही. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांना थकलेले पैसे मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. बत्तीस वर्षं हक्काच्या पैशाची वाट पाहिलेला माणूस घरातल्या पैशाला हात लावताना दहादा विचार करणारच. त्यांना रागावू नका. हिशेब मांडून दाखवा: ह्या दोन गोळ्यांचा खर्च इतका, आणि तुम्हाला भरती केलं की चार-पाच दिवस मुलाची रिक्षा उभी, माझी दोन घरं बंद, त्याचे पैसे इतके. भरती फुकट होते, पण त्या दिवसांची मजुरी कुठलंच कार्ड देत नाही. मिलमध्ये काम केलेल्या माणसाला खाड्याचा हिशेब लगेच कळेल.

प्रश्न : माझे यजमान ४४ वर्षांचे, पीथमपूरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे नऊ वर्षं काम करतात, पगार १६ हजार. तापानंतर हृदय मोठं झालं, डायलेटेड कार्डिओमायोपॅथी असं नाव सांगितलं. तीन महिने घरी आहेत, पगार बंद. ठेकेदार म्हणतो राजीनामा द्या, पीएफ काढून घ्या आणि उपचार करा. दोन मुली शाळेत आहेत. काय करू?
— पीथमपूरहून एक भगिनी

उत्तर : राजीनाम्यावर सही करू देऊ नका. आधीच झाली असेल तर ताबडतोब एखाद्या कामगार संघटनेच्या माणसाला गाठा.

यजमानांची पगाराची जुनी पावती काढा. त्यात ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) म्हणून १२० रुपयांच्या आसपास कपात दिसते का बघा. १६ हजारांवर पाऊण टक्का म्हणजे बरोबर तेवढे होतात. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा हा विमा असतो, ठेकेदाराकडे असला तरी. त्यांचा दहा आकडी विमा क्रमांक असेल, तो मिळवा. तो मिळाला की तुमच्या घराला दोन आधार आहेत, आणि दुसऱ्याबद्दल ठेकेदारालाही बहुधा माहिती नसेल.

पहिला आधार उपचारांचा. इंदूरला नंदानगरमध्ये ईएसआयचं हॉस्पिटल आहे. यजमानांचे आणि तुम्हा सगळ्यांचे उपचार तिथे, औषधांसकट. आयुष्मानमध्ये जी महिन्याच्या गोळ्यांची अडचण आहे ती इथे येत नाही. तिथे होत नसेल ते जोडलेल्या हॉस्पिटलात पाठवतात, पण रेफरची चिठ्ठी आधी लागते. उद्या डॉक्टर छातीत मशीन बसवायचं म्हणाले, तर बाहेर बसवून मग बिल घेऊन जाऊ नका, उलट क्रमाने करा.

दुसरा आधार पगाराचा. आजारपणाच्या सुट्टीत ईएसआय पगाराच्या ७० टक्के देतं, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या हप्त्याच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. पण दीर्घ आजारांची एक वेगळी यादी आहे, तिच्यात हार्ट फेल्युअरही आहे आणि कार्डिओमायोपॅथीही. या यादीतल्या आजाराला ९१ दिवसांनंतरही ८० टक्के दराने भत्ता चालू राहतो, वैद्यकीय मंडळाच्या मान्यतेने दोन वर्षांपर्यंत. अट अशी की सलग दोन वर्षांची नोकरी हवी आणि आधीच्या अशा चार सहामाही हप्त्याच्या काळांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी. तुमचे यजमान नऊ वर्षं आहेत, वर्गणी नियमाने भरली असेल तर सहज बसतात. १६ हजारांचे ८० टक्के म्हणजे साधारण पावणेतेरा हजार. मुलींच्या शाळेची फी त्यातून निघेल. यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचा आजारपणाचा दाखला लागतो, खासगी डॉक्टरचा कागद पुरत नाही. म्हणून याच आठवड्यात नंदानगरला जा. गेलेल्या तीन महिन्यांचं काय करता येईल तेही तिथेच विचारा, आणि सगळे जुने रिपोर्ट, भरतीचे कागद, इको बरोबर न्या.

पीएफचं म्हणाल तर आजारपणासाठी नोकरी न सोडताही त्यातून आगाऊ रक्कम काढता येते. आणि एक गोष्ट लिहिताना हात अडखळतो, तरी लिहिते, कारण तुमच्या मुली शाळेत आहेत. पीएफबरोबर कामगाराचा एक जीवनविमाही असतो, सात लाखांपर्यंतचा, आणि तो नोकरीत असलेल्या माणसाचा असतो. राजीनामा दिला की तो गेला. यजमान चाळिशीतले आहेत, औषधांनी असं मोठं झालेलं हृदय पुष्कळदा सावरतं, कधी पंपिंग दुपटीनेही वाढतं. ते पुन्हा कामावर जावेत हीच माझी इच्छा. तोपर्यंत नोकरी कागदावर टिकवून ठेवा.

आणखी एक, ज्यांचे वडील असे कामगार होते त्यांच्यासाठी. किमान पाच वर्षं ईएसआयचा विमा असून वयाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नी दोघांचे उपचार ईएसआयमध्ये चालू ठेवता येतात. महिन्याला दहा रुपये पडतात. हे करून ठेवलेली माणसं फार कमी भेटली.

प्रश्न : मी ७३, सौभाग्यवती ७१. दोघांनाही हृदयाचा त्रास, तिला हार्ट फेल्युअर. छोटी पेन्शन आहे, स्वतःचं दोन खोल्यांचं घर आहे, त्यामुळे गरिबांच्या यादीत आमचं नाव नाही. एकजण आयुष्मान कार्ड काढून देतो म्हणतो, पाचशे रुपये मागतो.
— एक काका, तिलकनगर

उत्तर : काका, पाचशे देऊ नका, कार्ड फुकट आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. घर, पेन्शन, काही आड येत नाही. आधार कार्डावरचं वय धरतात आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तेवढंच लागतं. आयुष्मान अ‍ॅपवरून नातू घरबसल्या करून देईल, नाहीतर सरकारी हॉस्पिटलातल्या आयुष्मानच्या काउंटरवर जा. आधारला जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असेल तर मात्र तो आधी बदलून घ्यावा लागेल. पाच लाखांची मर्यादा तुम्हा दोघांत मिळून आहे. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून चालतो. खासगी मेडिक्लेम असेल तर तोही बंद करायची गरज नाही.

कार्ड आजच काढा, भरतीची वेळ येण्याआधी. रात्री दोन वाजता काकूंना धाप लागली असताना ओटीपी येत नाही म्हणून काउंटरवर रडणारी मुलं मी पाहिली आहेत.

प्रश्न : वहिनींना हार्ट फेल्युअर आहे, झडपेचं ऑपरेशन सांगितलंय. राशनची पात्रता पर्ची आहे पण आयुष्मान कार्ड निघत नाही, समग्र या राज्याच्या कुटुंब-नोंदणीत नाव जुळत नाही म्हणतात. पुण्याचा भाचा म्हणतो, ट्रस्टच्या हॉस्पिटलात गरिबांसाठी दहा टक्के खाटा राखीव असतात, तिथे अर्ज करा. इंदूरला कुठे करायचा?
— लहान दीर, बियाबानी

उत्तर : भाचा म्हणतो तो महाराष्ट्राचा कायदा आहे, तिथल्या धर्मादाय हॉस्पिटलांसाठी. इंदूरच्या हॉस्पिटलाला तो लागू नाही. त्यामागे वेळ घालवू नका.

पात्रता पर्ची आहे म्हणजे वहिनी आयुष्मानला पात्र आहेत, नुसतं नाव दुरुस्त व्हायचं आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं हे नेहमीचं दुखणं आहे. आधारवर माहेरचं नाव, समग्रमध्ये सासरचं, पर्चीवर तिसरंच काहीतरी. आधी आधार ठीक करा, मग महापालिकेच्या झोन कार्यालयात समग्रची ई-केवायसी. वहिनींचा नऊ आकडी समग्र नंबर तुमच्या कुटुंबाच्या आठ आकडी नंबराखाली आहे का, की अजून माहेरच्याच कुटुंबात अडकलाय, ते मुद्दाम बघा. निम्मे घोळ तिथेच असतात. अडवणूक झाली तर मुख्यमंत्री हेल्पलाइनच्या १८१ वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवा.

ऑपरेशन थांबणारं नसेल तर दुसरी वाट एकाच वेळी चालू करा. हॉस्पिटलाकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह खर्चाचा अंदाज घ्या. तो, उत्पन्नाचा दाखला, आधार, समग्र आणि रिपोर्ट जोडून आमदारांमार्फत मुख्यमंत्री स्वेच्छानुदानासाठी अर्ज करा, आणि दुसरी प्रत खासदारांमार्फत पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसाठी. हृदयाच्या ऑपरेशनला दोन्हीकडून मदत मिळते. मिळते ती खर्चाचा काही भाग, आणि ती थेट हॉस्पिटलाच्या नावे जाते. म्हणून अर्ज ऑपरेशनच्या आधी. बिल भरून झाल्यावर आलेली माणसं हात हलवत परत जाताना मी बघितली आहेत. मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, तिथे स्वतः वहिनींचे मिस्टर जाऊन अर्ज देऊ शकतात, रेडक्रॉसच्या निधीतूनही तिथून मदत होते. मूळ कागद कुठेही देऊ नका. आठ-दहा झेरॉक्स संच करून एका प्लास्टिकच्या फाइलीत ठेवा, वर वहिनींचं नाव आणि एक फोन नंबर लिहा.

प्रश्न : वडिलांचं पंपिंग २० टक्के आहे, चार पावलं चालवत नाही. दिव्यांग प्रमाणपत्र काढलं तर पेन्शन आणि रेल्वेची सवलत मिळेल का? तपासणीला अहमदाबादला न्यायचंय.
— एक मुलगी, सुदामानगर

उत्तर : दिव्यांग प्रमाणपत्र मिळणार नाही. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मोजलं आहे, हृदयाचा आजार त्यात नाही. असावा असं मला मनापासून वाटतं, वीस टक्के पंपिंगचा माणूस दाराशी पेपर उचलायला जाऊ शकत नाही. पण आज नाही, म्हणून त्या फेऱ्या मारून वडिलांना दमवू नका.

रेल्वेची सवलत प्रमाणपत्राशिवायही आहे, मात्र हृदयाच्या ऑपरेशनसाठी जाणाऱ्यालाच. स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के, बरोबरच्या एका माणसालाही. हॉस्पिटलने रेल्वेच्या ठरावीक नमुन्यात दाखला द्यावा लागतो. नुसत्या तपासणीला तो मिळणार नाही. आयुष्मान कार्ड असेल तर ते गुजरातमधल्या यादीतल्या हॉस्पिटलातही भरतीसाठी चालतं, पण निघण्याआधी त्या हॉस्पिटलाला फोन करून खात्री करा. आणि अहमदाबादला कशासाठी पाठवत आहेत ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुसता इको असेल तर तो इथे सुपर स्पेशालिटीत होतो, वडिलांना एवढा प्रवास कशाला? प्रवास करावाच लागला तर औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको, आणि एक दिवसाची जास्त ठेवा. खालचा बर्थ मागून घ्या, दोन उशा घरून न्या.